कुणाकडून ऐकलंत?

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट आहे. तेव्हा मुद्दामच लिहिली नाही. गाव आधी शांत व्हायला हवं होतं. आता वर्ष उलटलंय म्हणून लिहितो. पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

रात्री साडेनऊचा सुमार असेल. जेवून उठत होतो तोच मोबाइल एकसारखा वाजायला लागला. पाच मिनिटांत सात ग्रुपवरून एकच व्हिडिओ. आठवडी बाजारामागची कोरडी गटार, तिच्यात अरबी अक्षरांची फाटकी पानं, आणि मागून आवाज, "बघा, काय चाललंय आपल्या गावात." खाली कुणीतरी लिहिलेलं, 'हे मुद्दाम केलंय'. त्याच्या खाली गावातल्याच एका माणसाचं नाव.

तेवढ्यात डेस्कवरून फोन. "तुमच्याकडचंच आहे ना? दोन परिच्छेद टाक पटकन, ऑनलाइनला लावतो."

खोटं कशाला बोलू, टाइप करायला घेतलं होतं. पण बारा वर्षांपूर्वीची एक बातमी आठवली. मुलं पळवणारी टोळी तालुक्यात फिरतेय, अशी. फोनवर ऐकली, तशीच लिहून पाठवली. सकाळी छापून आली. दुपारी पलीकडच्या गावात दोन फिरत्या भांडीवाल्यांना लोकांनी झोडपलं. त्यातल्या एकाचा हात कायमचा अधू झाला. टोळीबिळी काही नव्हती. माझ्या बातमीमुळेच ते झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण बातमी सकाळी आली आणि मार दुपारी पडला, हे मी विसरू शकत नाही. नंतर आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

डेस्कला म्हटलं, बघून सांगतो. गाडी काढली.

बाजारात साठ-सत्तर जण जमले होते. पोलिसांची जीप आली होती. पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती. तरावीहची नमाज नुकतीच सुटली होती आणि त्या गर्दीतून हाफिजसाब आले. साठी ओलांडलेले, अंगाने किरकोळ. मशिदीशेजारच्या मदरशात पोरांकडून कुरआन पाठ करून घेतात. ज्याला सगळा कुरआन तोंडपाठ आहे तो हाफिज. शब्दाचा मूळ अर्थ राखणारा.

ते गटारीत उतरले. एक पान उचललं, फुंकर मारली, कुणाच्या तरी मोबाइलच्या उजेडात धरलं. पानाचा खालचा निम्मा भाग वाळवीने खाल्लेला. वरच्या ओळी वाचत ते खाली आले आणि जिथे कागद संपला तिथे थांबलेच नाहीत. त्याच सुरात पुढचं म्हणत राहिले. समोर कागद नव्हता, वाचणं मात्र चालू होतं. मी शेजारी उभा होतो. गर्दीचा आवाज आपोआप खाली आला.

मग त्यांनी बाकीची पानं चाळली. एकावर निळ्या शाईत लिहिलेलं सापडलं. कुणीतरी वडिलांच्या नावाने मशिदीला दिलेली प्रत. हाफिजसाब पोलिसांना म्हणाले, "साहेब, ही आमचीच आहे. माळ्यावर जुन्या कुरआनच्या गोण्या ठेवलेल्या. आधी रंगवाल्याला विचारा."

रमजानच्या आधी मशिदीला रंग दिला होता. रंगाऱ्याला घरून उठवून आणलं. त्याने सांगितलं, माळा मोकळा करताना तीन गोण्या खाली उतरवल्या आणि अंगणात ठेवल्या. भंगारवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, अंगणातलं लोखंड नेताना एक गोणी टेम्पोत चुकून आली, वाटेत फाटली असेल. दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांचं जुळलं.

हाफिजसाब वळून गर्दीला म्हणाले, "पानं म्हातारी झाली होती. त्यांना नीट पोचवायचं काम आपलं होतं. आपण चुकलो. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका." काही पोरं कुरकुरली. पण बारापर्यंत बाजार रिकामा झाला. ज्याचं नाव मेसेजमध्ये होतं त्याच्या दारासमोर जीप मात्र सकाळपर्यंत उभी होती.

दोन दिवसांनी मी मदरशात गेलो. बातमीसाठी नाही. ते अर्धं पान डोक्यातून जात नव्हतं.

"हाफिजसाब, तुम्हाला कुठलंही पान असं पुढे म्हणता येतं?"

"भाऊ, त्यात माझं काय? ही पोरंबी म्हणतील."

समोर दहा-बारा पोरं पुढेमागे झुलत पाठ करत होती. पद्धत त्यांनी समजावली. रोज तीन कामं. आजचा नवा धडा, तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, ती सबकी. आणि जुन्या पाठाची उजळणी, तो आमुख्ता. तीस पारे, एकशे चौदा सुरा. साधारण तीन-चार वर्षं लागतात. पाठ एकाच छपाईच्या प्रतीवरून करायचा, म्हणजे ओळ पानावर कुठे आहे तेही डोळ्यांत बसतं. "नवं पाठ करणं सोपं," ते म्हणाले, "जुनं सांभाळणं अवघड. चार महिने सोडलं की पळतं."

मग मी वाचत गेलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्या रात्रीशी त्याचा थेट संबंध आहे.

प्रेषित मुहम्मद 632 मध्ये वारले तेव्हा कुरआन एका जिल्दीत बांधलेला नव्हता. तो लोकांच्या पाठात होता आणि तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला होता. खजुराच्या फांद्या, चपटे दगड, कातडं, उंटाच्या खांद्याची हाडं. मुस्लिम परंपरा सांगते की पुढच्या यमामाच्या लढाईत पाठ असणारे बरेच जण पडले, तेव्हा उमर यांना धास्ती वाटली. माणसांबरोबर पाठही जाईल. त्यांनी खलिफा अबू बक्र यांना गळ घातली आणि काम झैद बिन साबित या तरुणाकडे आलं. झैद स्वतः प्रेषितांचे लेखनिक. त्यांनाही सगळं पाठ होतं. तरी स्वतःच्या आठवणीवर भागवलं नाही. एखाद्याने लिहिलेला भाग आणला तर दोन साक्षीदार लागायचे, तेव्हाच तो घ्यायचा, असं सांगतात.

इथे मी वाचता वाचता थांबलो. दोन साक्षीदार. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात मला हेच शिकवलं होतं.

ती पानं पुढे उमर यांच्या कन्या हफ्सा यांच्याकडे राहिली. साधारण 650 च्या सुमारास, तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले सैनिक पाठावरून भांडू लागले. तेव्हा उस्मान यांनी हफ्सांकडची पानं मागवली, पुन्हा झैद आणि आणखी तिघांना बसवलं, प्रती करवल्या आणि मोठमोठ्या शहरांना पाठवल्या. बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या. हो, जाळायला, आणि पाठ एक राहावा म्हणून. तेव्हा पान कोणत्या अवस्थेत दिसलं यावरून हेतू ठरवू नये, एवढं तरी यातून शिकावं.

त्या काळच्या अरबी लिपीत बहुतेक ठिकाणी टिंबं नव्हती, स्वरांच्या खुणा तर नव्हत्याच. म्हणजे लिहिलेलं हे ज्याला पाठ आहे त्याच्यासाठी आठवण करून देणारं. गुरूशिवाय ते धड वाचताच यायचं नाही. म्हणून प्रतीबरोबर शिकवणारा माणूसही लागे. आजही जाणत्या उस्तादासमोर सगळा पाठ म्हणून दाखवला की परवानगी मिळते आणि तिच्यात नावं असतात. मी यांच्याकडून, ते त्यांच्याकडून, असं थेट प्रेषितांपर्यंत. त्या साखळीला सनद म्हणतात. आपल्याकडे सनद म्हणजे वतनाचा कागद. तिथे सनद म्हणजे, कुणाकडून ऐकलंत या प्रश्नाचं पूर्ण उत्तर.

प्रेषितांच्या हदीस गोळा करतानाही हाच प्रश्न विचारला गेला. साखळीतला प्रत्येक माणूस कोण, तो खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती धड होती का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो खरंच भेटला होता का. या चौकशीचं एक वेगळं शास्त्रच उभं राहिलं. एक कडी कच्ची निघाली तरी हदीस कमजोर ठरते, वाक्य कितीही गोड असो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक अक्षरही इकडचं तिकडे झालं नाही, ही श्रद्धाळूंची भावना. अभ्यासक तपशिलात जातात. 1972 मध्ये येमेनमधल्या साना शहरात मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू होती. छताजवळच्या पोकळीत जुन्या पानांचा ढीग सापडला. कामगारांनी तो गोण्यांत भरून बाजूला ठेवला. नंतर कळलं की त्यात जगातली सर्वांत जुनी कुरआनची काही पानं आहेत. त्यातल्या एका प्रतीत वरचा मजकूर आजच्यासारखाच, पण खाली पुसलेला आणखी एक मजकूर. काही ठिकाणी त्याचे शब्द वेगळे, सुरांचा क्रम वेगळा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात दोन पानं आहेत. त्यांच्या कातड्याचा काळ 568 ते 645 मधला निघाला. तो कातड्याचा काळ, शाईचा नव्हे. पण मजकूर आजच्याशी जवळून जुळतो.

मी हे हाफिजसाबना भीत भीतच सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पढण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, हे तर आम्ही शिकवतोच." पहिल्याच सुरेत एक शब्द आपण 'मालिक' असा म्हणतो. मोरोक्कोकडे तोच शब्द 'मलिक' असा म्हणतात. एकाचा अर्थ धनी, दुसऱ्याचा राजा. दोन्ही मान्य, कारण दोन्हींमागे साखळी आहे. दहाव्या शतकात इब्न मुजाहिद यांनी असे सात पाठ मान्य ठरवले. आज बहुतेक जगात त्यातला एक चालतो. 1924 ला कैरोत निघालेल्या छापील प्रतीने तो आणखी पसरवला. पुसलेल्या मजकुराबद्दल मात्र हाफिजसाब एवढंच म्हणाले, "ते शिकलेले लोक बघतील. माझ्या उस्तादाने मला जे दिलं ते मी पोरांना देतोय."

सानाचं वाचताना मला आमचा माळा आठवला. मशिदीची दुरुस्ती, वरच्या गोण्या, खाली आणणारे कामगार. जीर्ण पानं पायदळी येऊ नयेत म्हणून लोक ती कापडात गुंडाळून पुरतात, वाहत्या पाण्यात सोडतात किंवा उंच जागी ठेवून देतात. तिथे त्या ढिगाला इतिहास मिळाला. आमच्याकडे दंगल मिळायची होती, थोडक्यात चुकली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझ्या आजीची ज्ञानेश्वरीची पोथी पार झिजली तेव्हा वडिलांनी ती लाल कापडात बांधून गोदावरीत सोडली होती. पाठ बिघडू नये म्हणून वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट म्हणण्याच्या रीती बसवल्या. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ काढून नाथमहाराजांनी 1584 मध्ये ती शुद्ध केली आणि कुणी आपली ओवी यात घालू नये, असं बजावलं. महानुभावांची लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली, ती शिष्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली. शब्द जपायचा तर माणसं लागतात, आणि एकमेकांना तपासणारी माणसं लागतात.

आणि आपण? व्हॉट्सॲपवरच्या साखळीत कड्या असंख्य, पण नाव एकाचंही नाही. 'आलंय तसं पाठवतोय.' त्या रात्री त्या व्हिडिओला मी मागे मागे शोधत गेलो. सात ग्रुप, मग चार, मग एक पोरगा. त्याने काढला नव्हता, त्यालाही आलेला. तिथे साखळी तुटली. आवाज कुणाचा, नाव कुणी जोडलं, मला आजवर कळलेलं नाही. झैद यांच्या दारात तो व्हिडिओ एक मिनिटही टिकला नसता.

शेवटचं एक सांगतो. सत्ताविसाव्या रात्री हाफिजसाबनी बोलावलं म्हणून गेलो. तरावीहमध्ये रोज थोडा थोडा म्हणत आणलेला कुरआन त्या रात्री पुरा होणार होता. मी बाहेर ओट्यावर बसलो. आत हाफिजसाब म्हणत होते. एका ठिकाणी ते अडले, की चुकले, मला कळायचं कारण नव्हतं. मागच्या रांगेतून एका पोराचा कोवळा आवाज आला, दोन-तीन शब्दांचा. हाफिजसाबनी तेच शब्द घेतले आणि पुढे निघाले. याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. चुकणाऱ्याच्या तोंडात बरोबर शब्दाचा घास द्यायचा. पोरगा त्यांचाच शिष्य, वय चौदा. गुरूला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं आणि कुणाला त्यात अपमान वाटला नाही. नंतर हाफिजसाबनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मला माझा आतल्या पानावरचा चार ओळींचा खुलासा आठवला.

असो. पुढच्या वेळी असं काही मोबाइलवर आलं तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, कुणाकडून ऐकलंत? आणि माझ्या बातमीत चूक दिसली तर रात्री अकरालाही फोन करा. मी रागावणार नाही.