बसा हो, बाई!

आपल्या मराठी आदरातिथ्याचा पहिला शब्द 'बसा' हा आहे. पाहुणा उंबऱ्यात दिसला, की पाण्याच्या तांब्याच्याही आधी हा शब्द पुढे येतो. शाळेतही तेच. मास्तर रागावला की म्हणतो, 'उभा राहा,' आणि प्रसन्न झाला की म्हणतो, 'बस खाली.' बसणे म्हणजे मान, उभे राहणे म्हणजे शिक्षा, हे आपण इयत्ता पहिलीतच शिकतो.

पण भाषा मोठी लबाड असते. जे ती तोंडावर सांगत नाही, ते वाक्प्रचारांत लपवून ठेवते. आवाज बसतो, गाल बसतात, धंदा बसतो, भिंत बसते, आणि नको झालेल्या माणसाला 'घरी बसवतात'. जम बसणे आणि घडी बसणे एवढे दोन-तीन अपवाद सोडले, तर बसण्यात आपल्या पूर्वजांना फारसे शुभ काही दिसलेले नाही!

हे सगळे मला सुचण्याचे कारण असे, की चार वर्षांपूर्वी माझ्या बोटांच्या आणि गुडघ्यांच्या सांध्यांत आमवाताने बिऱ्हाड केले, आणि तेव्हापासून हा एक शब्द मी जितक्यांदा ऐकला तितक्यांदा स्वतःचे नावही ऐकले नसेल. शाळेत शिपाई खुर्ची पुढे करतो, 'बसा हो, बाई.' बसमध्ये कुणी कॉलेजकुमार उठतो, 'बसा, काकू.' घरी सासूबाई मुलांना दटावतात, 'आईला उठवू नका रे!' आणि स्वतःचे सत्तरी ओलांडलेले गुडघे घेऊन स्वतः उठतात. यांत कुणाच्याही मनात वाईट नाही. उलट सगळी माया आहे. पण मायेच्या माणसाला विरोध कसा करायचा, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेले नसते.

मला भीती वेदनेची नव्हती. वेदना ही थोडीशी भाडेकरूसारखी असते. तिच्या येण्या-जाण्याच्या वेळा कळल्या, की तिच्यासह संसार करता येतो. भीती वेगळीच होती. सातवीचा वर्ग खुर्चीत बसून शिकवता येत नाही. मागच्या बाकावर काय चालले आहे हे तिथवर चालत गेल्याशिवाय कळत नाही, आणि फळ्यावर हात पुरला नाही तर भूमिती तोंडीच राहते. शिवाय माझी कादंबरी! मी अजून हातानेच लिहिते. अकराव्या प्रकरणावर ती अडली होती. नायिका दारात उभी होती आणि तिला घरात घ्यायला माझी बोटे मिटत नव्हती.

डॉक्टरांनी औषधे दिली आणि म्हणाले, 'आता व्यायाम.' औषध आधी आणि व्यायाम त्याच्या जोडीला, हा क्रम मात्र त्यांनी बजावून सांगितला; कारण आमवातात सांध्याच्या आतल्या अस्तरालाच सूज येते, आणि ती काही नुसत्या हातपाय हलवण्याने उतरत नाही. व्यायाम शिकवायला जी मुलगी आली, ती निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. जिला मी एके काळी गृहपाठ न केल्याबद्दल उभे केले होते, ती आता माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, 'बाई, खुर्चीत बसा, हात टेकून उठा, सावकाश बसा. दहा वेळा.'

म्हणजे उठाबशाच की! काळ सूड घेतो म्हणतात तो असा.

पण त्या मुलीने मला सांध्याचे जे शास्त्र सांगितले, ते मी आजवर कुठल्याही वर्गात इतके नीट ऐकले नव्हते. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे जेवण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून येते. पाऊल टेकले की स्पंजासारखे त्यातले पाणी पिळून निघते, पाऊल उचलले की पुन्हा आत शोषले जाते. हलणे हेच तिचे जेवण. मांडीचे स्नायू बळकट असले, तर गुडघ्यावरचा धक्का ते आपल्या अंगावर घेतात. माणूस महिनोन् महिने बसून राहिला, तर तेच आधी रोडावतात. मग उठताना जास्त दुखते, म्हणून तो आणखी बसतो. असा हा मायेने विणलेला पिंजरा!

माझा नित्यक्रम सांगते. सकाळी उठल्यावर माझे सांधे तास-दीड तास तरी आखडलेले असतात. (वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो, आमवाताचा लांबतो. तासभर टिकणारा ताठरपणा आणि सूज दिसली, तर घरगुती लेपावर न थांबता डॉक्टरांकडे जावे ते याचसाठी.) म्हणून आधी कोमट पाण्यात हात बुडवून मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. मग खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, खाली घ्यायचा. नंतर उठाबशा. संध्याकाळी सपाट रस्त्याने अर्धा तास चालणे. आम्ही सांगलीचे, त्यामुळे पाय आपोआप कृष्णेकडे वळतात. पण घाटाच्या पायऱ्या मी वर्ज्य केल्या आहेत. उतरताना गुडघ्यावर भार फार येतो. नदी वरूनही तितकीच सुंदर दिसते.

आणि एक नियम, जो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. व्यायामानंतर थोडे दुखले तर घाबरायचे नाही. पण ते दुखणे दोन तासांपलीकडे टिकले, किंवा दुसऱ्या दिवशी वाढले, तर पुढच्या वेळी माप कमी करायचे. ज्या दिवशी सांधा गरम आणि सुजलेला असेल, त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची, जोर लावायचा नाही. फक्त सावकाश, जमेल तेवढा एक-दोनदा हलवून ठेवायचा. घराचे दार वापरात नसले, तरी बिजागरी गंजू नये म्हणून उघडून पाहतात, तसे.

या दिवसांत मला ऑग्युस्त रेन्वार या फ्रेंच चित्रकाराची फार सोबत झाली. त्याला पन्नाशीच्या सुमारास हाच रोग जडला. १९०७ साली तो उबदार हवेसाठी दक्षिण फ्रान्समधल्या कान्य या गावी राहायला गेला. बोटे वाकडी झाली, तरी १९१९ साली मरेपर्यंत तो रंगवत राहिला. हात चालता राहावा म्हणून तो रोज सकाळी तीन लहान चामडी चेंडू हवेत उडवून झेलीत असे. त्याच्याविषयी अशी एक गोष्ट सांगतात, की चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या या म्हाताऱ्याला एका डॉक्टराने खटपट करून उभे केले. तो चित्राच्या घोडीभोवती चार पावले चाललाही. मग पुन्हा खुर्चीत बसला आणि म्हणाला, की यातच सगळी शक्ती संपते, चित्रासाठी काही उरत नाही. तेव्हा चालणे राहू द्या.

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आले. त्याच्या काळी रोगाला आवर घालणारे औषध नव्हते. पाय की चित्र, असा सवाल त्याच्यापुढे होता. आज ती औषधे आहेत, म्हणून माझ्यासारखीला फळाही मिळतो आणि कागदही. पण शक्ती मोजून खर्च करावी, हा त्याचा धडा मात्र जुना झालेला नाही. मी पिशवी बोटांना न अडकवता खांद्याला लावते, बरणीचे झाकण बोटांनी न पिळता तळव्याने फिरवते, पेनावर कापड गुंडाळून ते जाड करते. वाचलेली ताकद अकराव्या प्रकरणाला देते. नायिका आता घरात आली आहे. पुढे ती काय करील ते तिचे तिला ठाऊक!

दिवाळी ही तशी सांध्यांची परीक्षाच. पहाटे, म्हणजे आखडण्याच्या ऐन वेळी, उठायचे! परंतु ज्याने हा सण बसवला त्याने तेल आणि ऊन पाणीही बरोबर दिले आहे, हे विसरता कामा नये. चकलीचा सोऱ्या यंदा मुलगा फिरवतो आणि मी तळते, तेही घटका-घटकाने उठून फेरी मारत. रांगोळी मी उकिडवी बसून न काढता बुटक्या चौरंगावर काढते आणि चौरंग दाराशी ठेवते. लाडवांबद्दल मात्र बोलू नये असे ठरवले होते. कारण वजन जास्त असेल तर एक किलो उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो, हे अभ्यासकांचे गणित सणासुदीला सांगणे असभ्यपणाचे दिसते.

तुमच्याही घरी कुणी आजी, काका, मावशी गुडघे धरून कोपऱ्यात बसलेली असतील. पाहुण्यांच्या सरबराईला आपण 'उठबस' म्हणतो. पहा, त्या शब्दात उठणे आधी आहे. म्हणून या दिवाळीत त्यांना फराळाची बशी जरूर द्या; पण ती रिकामी झाली, की 'तुम्ही बसा हो,' म्हणण्याऐवजी त्यांच्या पायांत मऊ चप्पल सरकवा, हात पुढे करा आणि विचारा, 'कोपऱ्यापर्यंत आकाशकंदील बघायला येता?'