रंग कोणाचा?

चि. मनू,


कॉलेजच्या रॉक म्युझिकलची प्रकाशयोजना तुझ्याकडे आली, फार आनंद झाला. तू पाठवलेली दिव्यांची क्यू-शीट नीट वाचली. पहिल्याच प्रवेशात लाल, निळा, जांभळा, धूर, फिरते दिवे असं सगळं वापरून झालंय. नायिका पहिलं गाणं म्हणायला उभी राहील, तेव्हा तिला द्यायला तुझ्याकडे काय उरलं?

एकदा ‘स्प्रिंग अवेकनिंग’चा अभ्यास कर. फ्रांक वेडेकिंडच्या १८९१ च्या जर्मन नाटकावरून केलेलं हे म्युझिकल २००६ मध्ये ब्रॉडवेवर आलं. दिग्दर्शन मायकल मेयरचं, संगीत डंकन शीकचं. यासाठी केव्हिन अॅडम्सला प्रकाशयोजनेचं टोनी पारितोषिक मिळालं. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या शाळकरी मुलांची, कपडेही त्याच काळातले, गाणी मात्र आजची.

त्यातला लॅटिनचा वर्ग बघ. मुलं खुर्च्यांवर ताठ बसलीत, मास्तर पाठांतर घेतायत. मॉरिट्झ नावाचा मुलगा चुकतो. मेल्चिऑर हा दुसरा मुलगा त्याची बाजू घेतो आणि मार खातो. इथे प्रकाश साधा, पांढरट. मग मेल्चिऑर कोटातून माइक काढून गायला लागतो आणि प्रकाशाचा नूर पालटतो. वर्ग थांबत नाही, पाठांतर चालूच राहतं. पण आता तो वर्ग आपण मेल्चिऑरच्या मनातून बघत असतो. पुढे गाणी तापत जातात, तसे भिंतींवरचे रंगीत दिवे आणि ट्यूब पेटत जातात. मोठ्या माणसांच्या वाट्याला गाणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा प्रकाशही नाही. मॉरिट्झची तगमग प्रेक्षकांना लख्ख दिसते, घरच्यांना आणि मास्तरांना ती कधीच दिसत नाही. शेवटी तो जीव देतो, तेव्हा आपल्याला सगळं आधीपासून ठाऊक असल्याची टोचणी लागते. ही टोचणी लावण्यात प्रकाशाचा मोठा वाटा आहे. साधा पांढरा प्रकाश आधी मनात ठसला, म्हणूनच रंगाला एवढं बळ आलं.

आता तुझ्या हातातल्या दिव्यांबद्दल. जुन्या हॅलोजनची तार विझताना हळूहळू तांबूस होत जाते, त्यामुळे त्याचा फेड मायाळू वाटतो. एलईडी ड्रमच्या ठोक्यासरशी पेटतो आणि तसाच विझतो. तुझी नायिका भडकून गाते, तिला एलईडीचा झटका दे. तिची आई मनातलं बोलत नाही, तिच्यावर हॅलोजन ठेव आणि सावकाश उतरव. दोघी समोरासमोर येतील त्या प्रवेशात, एकीचा प्रकाश दुसरीच्या अंगावर कधी पडू द्यायचा, हे संहिता हातात घेऊन ठरव. गाणं जोरात आहे म्हणून दिवे जोरात, असं करू नकोस. तो आवेश बँड आणतोच. चेहरा मात्र दिसला पाहिजे. नुसता मागून प्रकाश टाकलास तर आकृती देखणी दिसेल, पण पात्र हरवेल.

तेव्हा क्यू-शीट नव्याने लिही. प्रत्येक रंगापुढे तो कोणाचा आहे ते लिही आणि ज्याला धनी सापडत नाही तो रंग काढून टाक. रंगीत तालमीआधी फक्त दिव्यांसाठी एक वेगळी तालीम मागून घे. वेळ नाही असं सगळे सांगतील, तरी हट्ट सोडू नकोस.

तुझा,
मामा