बहिणाबाईंचं कपाळ

केमच्या आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज आलेलं पहिलं पुस्तक म्हणजे बहिणाबाई चौधरींचं चरित्र. चौथीत बक्षीस मिळालेलं, पातळसं, पिना मारलेलं. आई कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जायची. केमचं कुंकू पार पंढरपूर-तुळजापूरला जातं. ते भरणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडा आंघोळ केली तरी लालच राहतात. वडील गेल्यापासून आईच्या कपाळाला मात्र ते नव्हतं.

तिला वाचता येत नव्हतं. रात्री मी वाचायची, ती ऐकायची. १८८० साली आसोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी नवरा गेला. इथं आईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चित्रावर बोट ठेवलं.

"दादला गेला म्हनतीस, मग हिच्या कपाळाला कुंकू कसं गं?"

मी पानं उलटली. शेवटपर्यंत प्रत्येक चित्रात ते ठसठशीत, गोल कुंकू होतं. मला काही सांगता आलं नाही. आईच्या बोटाचा लाल डाग त्या पानावर अजून आहे.

आता सावित्रीबाईंचं, लक्ष्मीबाई टिळकांचं, कुणाचंही मुलांसाठीचं चरित्र हातात आलं की मी आधी चित्रं बघते, मग काय गाळलंय ते शोधते. बाईचं दुःख एका ओळीत उरकायचं आणि पुढच्या पानावर तिला थोर करून टाकायचं, याचा मला राग येतो. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली छापून आली. पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. हे मुलांना का सांगू नये? विधवेच्या घरातल्या पोराला यातलं काय नवं असतं?

कॉलेजात गेल्यावर ती गाणी मिळाली. पुसल्या गेलेल्या कुंकवावर बहिणाबाईंनी स्वतःच गाणं रचलं होतं. सुट्टीत घरी आल्यावर ते आईला वाचून दाखवलं. चूल विझत आली होती. ती कितीतरी वेळ गप्प बसली.

"परत म्हन," म्हणाली.

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला होता, आणि ती लाल नखांची बोटं कपाळावर टेकली होती.