बुडत्या जहाजाचा पगार

वाणिज्य शाखेत कायदा शिकविणाऱ्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. खरेच आहे. आम्हा बेळगावकरांना समुद्र पाहायचा म्हणजे आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ला गाठावे लागते. पण विमा, भाडेकरार, नुकसानीची वाटणी ही आमच्या क्रमिक पुस्तकातली कितीतरी प्रकरणे खाऱ्या पाण्यातूनच वर आलेली आहेत. ती शिकविता शिकविता मी एका वचनापाशी अडलो आणि अजून त्याच्यापासून सुटलेलो नाही. इंग्लंडच्या सागरी कायद्यातले ते जुने वचन असे, की मालाचे भाडे ही पगाराची आई.

ऐकायला गोड. आई म्हटली की माया आलीच. अर्थ मात्र रोकडा आहे. जहाजाने माल मुक्कामी पोचविला तर मालकाला भाडे मिळणार, आणि भाडे मिळाले तरच खलाशाला पगार मिळणार. जहाज वाटेत बुडाले, तर भाडे नाही. आईच जन्मली नाही, मग लेकरू कुठून येणार? वाटेतल्या एखाद्या बंदरात थोडा माल उतरवून तेवढे भाडे पदरात पडले असेल, तर त्या टप्प्यापर्यंतचा पगार हाती येई. त्यापुढचे महिने मात्र समुद्रात गेले म्हणून समजायचे.

वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पण त्याने काम केले होते ना?"

याला जुन्या न्यायाधीशांपाशी उत्तर तयार होते. पगार जहाजाशी बांधलेला असला म्हणजे वादळात खलाशी जिवापाड झटतील, नाहीतर होडी सोडून पळतील, असे त्यांचे म्हणणे. माणूस बुडायच्या भीतीने झटणार नाही, पण पगार बुडायच्या भीतीने झटेल, हा मानसशास्त्राचा सिद्धांत मला तरी नवा होता. गंमत अशी, की मालकाला जहाजाचा विमा उतरविता येई, व्यापाऱ्याला मालाचा विमा उतरविता येई. खलाशाला मात्र आपल्या पगाराचा विमा उतरवायला कायद्याची मनाई होती. जहाजावरच्या सगळ्यांत गरीब माणसाने जोखीम तेवढी पुरी घ्यायची!

1854 च्या मर्चंट शिपिंग ॲक्टने हे वचन मोडीत काढले. त्यानंतर जहाज बुडाले तरी केलेल्या कामाचा पगार मागता येऊ लागला. पण कायदा एका हाताने देतो तेव्हा दुसरा हात खिशातच ठेवतो. जहाज वाचविण्यासाठी खलाशाने शर्थ केली नाही असे सिद्ध झाले, तर पगार गेला. आणि पगाराची मोजणी थांबे ती जहाज फुटले त्या दिवशी. त्यानंतर कुठल्या निर्जन किनाऱ्यावर काढलेले दिवस त्याच्या खाती जमा होत नसत. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हाही वाचलेल्या नोकरवर्गाचा पगार त्याच रात्री तुटला, तो या नियमाने. जहाज बुडाल्यावर दोन महिन्यांपर्यंत बेकारीची भरपाई मिळावी असा आंतरराष्ट्रीय करार 1920 साली झाला, आणि ब्रिटनने तसा कायदा केला 1925 साली.

आता हा पगार होता तरी किती? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश बंदरातून निघणाऱ्या शिडाच्या जहाजावर तयार खलाशाला महिना सुमारे अडीच ते तीन पौंड मिळत. तेही सफर संपल्यावर. पण माणूस जहाजावर चढायचा तो कर्ज घेऊनच. भरतीच्या वेळी त्याला एका महिन्याच्या पगाराची चिठ्ठी मिळे. ही चिठ्ठी वटायची जहाज सुटल्यावर काही दिवसांनी, म्हणजे खलाशी स्वतः ती वटवूच शकत नसे. मग बंदरावरच्या खाणावळीचा मालक पुढे होई. त्याच्याकडे जेवणाची, दारूची, गादीची उधारी असेच. तो चिठ्ठी कमी किमतीत घेई, उधारी वळती करी आणि उरलेल्या पैशांत तेलकापडाचा कोट नि बूट गळ्यात मारी. आमच्या चिकोडी-अथणीकडच्या उसाच्या फडात तोडणी कामगारांना मिळणारी 'उचल' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. तिथे मुकादम असतो, इथे खाणावळवाला.

पहिला महिना मग फुकटच राबायचे. इंग्रज खलाशी त्याला 'मेलेला घोडा' म्हणत. महिना संपला की गोणपाट आणि पेंढा यांचा घोडा करून ते डेकवरून ओढीत नेत, गाणे म्हणत डोलकाठीच्या आडव्या वाशाला टांगत आणि दोर कापून समुद्रात सोडून देत. आजपासूनची कमाई आपली! मला या रिवाजात विनोदापेक्षा हिशेबच जास्त दिसतो. आणि 'आपली' म्हणावी तर तीतूनही जहाजावरच्या पेटीतला तंबाखू, सदरा, साबण कप्तान सांगेल त्या भावाने वजा होई. 1834 पर्यंत तर दरमहा सहा पेन्स ग्रिनिचच्या इस्पितळासाठी कापले जात. ते इस्पितळ आरमारातल्या म्हाताऱ्या सैनिकांचे. व्यापारी जहाजावरच्या खलाशाचा त्याच्याशी संबंध एवढाच, की त्याने पैसे भरायचे.

पटत नसेल तर नोकरी सोडावी, असे आपण सहज म्हणतो. खलाशाने वाटेत जहाज सोडले तर तोवरचा सगळा पगार जप्त होई, वर तुरुंग. काही कप्तान परदेशी बंदरात माणसांचा मुद्दाम छळ करीत, ती पळून जावीत म्हणून. पळालेल्याचा पगार वाचे. उलट माणसे हवी असली म्हणजे तुरुंगच कामाला येई. 1852 मध्ये 'मार्को पोलो' मेलबर्नला पोचले तेव्हा तिकडे सोन्याच्या खाणींचे वेड शिगेला होते. कप्तान फोर्ब्स याने अवज्ञेचा आरोप ठेवून आपल्या खलाशांना कोठडीत टाकविले आणि निघायच्या वेळी सोडवून आणले. माणसे कुलपात सुरक्षित राहिली.

अमेरिकेत तर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'अरागो' जहाज सोडून गेलेल्या चार खलाशांना पकडून बळेच पुन्हा जहाजावर चढविण्यात आले. गुलामगिरी आणि सक्तीची नोकरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती 1865 ची. खलाशांनी तिचा आधार घेतला. 1897 मध्ये न्यायालय म्हणाले, ती दुरुस्ती खलाशांच्या कराराला लागू नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. माझ्या विद्यार्थ्यांनी ते मत वाचावे असे मला वाटते, परीक्षेला नसले तरी.

हे झाले गोऱ्या खलाशांचे. आमच्या रत्नागिरीकडची माणसे याच ब्रिटिश जहाजांवर 'लस्कर' म्हणून जात. त्यांना भरती करी सारंग, कामाला लावी तांडेल, जेवण रांधी भंडारी. गोऱ्याच्या पगाराचा लहानसा अंशच त्यांना मिळे आणि त्यातही सारंगाचा हात असे. 1823 च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशांत धरलेच नव्हते, जरी ते राज्य ब्रिटिशांचे आणि जहाजही ब्रिटिशांचे. लंडनमध्ये अडकून पडलेल्या अशा माणसांसाठी एक आश्रयगृह निघाले ते 1857 मध्ये.

जोसेफ कॉनराड 1884 मध्ये मुंबईत 'नार्सिसस' या शिडाच्या जहाजावर दुय्यम मेट म्हणून चढला आणि पुढे 1897 मध्ये त्याने त्या जहाजावर कादंबरी लिहिली. वादळाची पाने सगळेच वाखाणतात. मला शेवटचे प्रकरण आवडते. लंडनच्या कचेरीत पगार वाटप चालले आहे. जन्म समुद्रावर घालविलेला म्हातारा सिंगलटन टेबलापुढे येतो. त्याला लिहिता येत नाही. तो मोठ्या कष्टाने कागदावर एक फुली काढतो, कारकून त्याच्याकडे किळसून पाहतो आणि पैसे पुढे सरकवितो.