सागवानी देव्हाऱ्याचे कोरीवकाम

सागवानी देव्हाऱ्याचे काम फळी निवडण्यापासून सुरू होते. गाभ्याचे लाकूड घेतात. सालीलगतचा पांढरट भाग काढून टाकतात, कारण कीड आधी तिथेच लागते. लाकूड पुरते वाळलेले हवे. वाळताना ते लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. तेही वाढवलयांच्या दिशेने जास्त, त्यांना छेदून साधारण निम्मे. म्हणून कोरलेली फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवतात. पावसाळ्यात ती फुगली तरी चौकट उसवत नाही. सणाच्या घाईत आलेल्या गिऱ्हाइकाला लाकूड वाळेपर्यंत थांबायला लावणे कठीण जाते, पण थांबायला लावावेच.

नक्षी पूर्ण मापात कागदावर काढून फळीवर उतरवतात. मग रेषेबाहेरचे लाकूड काढून जमीन, म्हणजे नक्षीमागची पातळी, खाली घेतात, तेव्हा नक्षीला उठाव येतो. पाहणाऱ्याची नजर फुलावेलींवर जाते. कारागिराचा कस मात्र या जमिनीत लागतो. ती सगळीकडे एका खोलीची आणि स्वच्छ असावी लागते, आणि अरुंद कोपऱ्यांत तिथवर पटाशी पोचणेच मुश्कील असते.

पटाशी लाकडाच्या रेषांच्या उताराने चालवतात. उलट चालवली की ती रेषेत शिरते आणि पाकळीची कड ढलपीबरोबर निघून जाते. गोल कमळ कोरताना ही दिशा एका फेऱ्यात चारदा बदलते. फळी दर वेळी फिरवणे शक्य नसते, म्हणून दोन्ही हातांनी पटाशी चालवता यावी लागते. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की हे डोळ्यांआधी कानाला कळते: धारदार पटाशीचा आवाज सलग येतो, बोथट झाली की तो तुटक आणि खरबरीत होतो. अशा वेळी मोगरीचा जोर वाढवण्याऐवजी निसण्याकडे वळावे.

आता अनेक कारखान्यांत सीएनसी राउटर आहे. जमीन काढण्याचे कष्ट त्याने खरोखरच वाचवले. पण त्याचे फिरते पाते गोल असते, त्यामुळे आतले कोपरे गोलसरच राहतात. आणि नेहमीच्या यंत्रात ते वरून उभे उतरते, त्यामुळे पानाच्या कडेखाली शिरून लाकूड काढता येत नाही. पानाला सावली मिळते ती या खालच्या कापामुळे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग, त्याचे सुरूदार खांब आणि केळफुले तिरप्या उन्हात पाहावीत, म्हणजे सावलीचे महत्त्व पटते. यंत्रातून आलेल्या फळीवरही कोपरे, शिरा आणि कडा हातानेच करायच्या राहतात.

शेवटी घासकाम. उठावाच्या कडांवर पॉलिश पेपर फार फिरवला तर पटाशीने आणलेली धार जाते, म्हणून कुशल कारागीर शक्य तितके काम पटाशीनेच नितळ करतो. लाकडाचा बारीक भुगा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये नोंदवले आहे. तरी अनेक ठिकाणी नाकाला नुसता रुमाल बांधून घासकाम चालते. हे थांबले पाहिजे. घट्ट बसणारा मास्क आणि भुगा ओढणारा पंखा ही पटाशीइतकीच गरजेची साधने आहेत. घासकामानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश पातळ हातांनी देतात. जाड हात दिला तर ते शिरांमध्ये साचते आणि बारीक काम बुजते.