तीन बिट जास्त

महाशिवरात्रीला औंढ्याच्या गर्दीत रेंज फुल्ल दिसते, पण व्हिडिओ कॉल अडकतो. "तू मोबाईलचंच काम करतोस ना? मग कामून अडतंय हे?" आई विचारते. पुण्यात मी बेस स्टेशनचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे प्रश्न योग्य माणसालाच विचारलाय. कारणं बरीच आहेत. मला छळणारं एक सांगतो.

अनेक अँटेनांचा टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या फोनकडे वेगवेगळे झोत सोडू शकतो. आईपर्यंत झोत पोचवायला ढोबळ अंदाज पुरतो. पण तोच झोत शेजारच्या काकूंच्या फोनवर पडू नये, यासाठी काकूंचा चॅनल फार नेमका माहीत असावा लागतो. तो फोननेच कळवायचा. पूर्ण मोजमाप पाठवणं परवडत नाही, म्हणून ठरलेल्या यादीतला क्रमांक पाठवतात. निहार जिंदल यांनी २००६ साली हिशेब मांडला: चार अँटेना असतील, तर टॉवरची शक्ती दुप्पट करताना प्रत्येक फोनने तीन बिट जास्त पाठवायला हवेत. नाहीतर वाढलेली शक्ती एकमेकांना त्रास देण्यातच जाते. जत्रेतले सगळेच फोन असे सविस्तर कळवू लागले, तर कामाच्या डेटाला जागा कुठली!

३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीत जाण्यायेण्याची फ्रिक्वेन्सी एकच, त्यामुळे टॉवर फोनच्या सिग्नलवरूनच चॅनल ओळखतो. ७०० मेगाहर्ट्झमध्ये दोन्ही वेगळ्या, म्हणून ती सोय नाही. आणि शिवारात लांबवर पोचतो तो हाच बँड.

५जीच्या रिलीज १६ मधली युक्ती मला म्हणूनच आवडते. सिग्नल मोजक्याच वाटांनी येतो, हे ओळखून फोन प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेगळा अहवाल न देता त्या वाटांचाच देतो.