कढई घराजवळच हवी

बदलापूर पूर्वेला, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यालगत खरवई आहे. जुनं गावठाण, त्याला खेटून औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आणि आजूबाजूला उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, असं तिचं आजचं रूप. 2001 साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती, 2011च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर वाढ थांबलेली नाही. अशा नव्या वस्तीत वाचनालय उशिरा येतं, बाग त्याहून उशिरा येते. वडा-भजीची गाडी मात्र इमारतीला रंग लागण्याआधी नाक्यावर हजर असते. या गाडीचं टिकणं आपण सहसा दोन कारणांवर सोपवतो: ती स्वस्त आहे आणि तिच्याशी आपल्या आठवणी जोडलेल्या आहेत. अन्नतंत्रज्ञान, त्यातही तळणाचं रसायन, हा माझा अभ्यासाचा विषय आहे, आणि तिथून पाहिलं की ही दोन्ही कारणं अपुरी वाटतात. गल्लीतली कढई टिकते ती तळलेल्या पदार्थाच्या स्वभावामुळे. वड्याचं चांगलं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं, आणि मिनिटांत मोजायची वस्तू खाणाऱ्याच्या जवळच तयार व्हावी लागते.

आधी कढईत काय घडतं ते पाहू. तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सियसला असताना वडा आत सोडला की बेसनाच्या आवरणातलं पाणी उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडू लागतं. आपल्याला दिसणारे बुडबुडे ते हेच. वाफ बाहेर जोर करत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. म्हणून वडा तळताना तेल पितो हा समज अर्धाच खरा आहे. वडा झाऱ्यावर आल्यावर तो निवू लागतो, आवरणातल्या बारीक छिद्रांतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, तिथे पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर राहिलेलं तेल आत ओढलं जातं. घाणा काढल्यावर झारा कढईच्या काठावर धरून जो निथळायला वेळ देतो त्याचा वडा हलका लागतो, आणि घाईत थेट परातीत ओततो त्याचा तेलकट, याचं कारण हे. त्यापुढची गोष्ट आतल्या सारणाची. उकडलेल्या बटाट्यात वजनाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असतं. ते पाणी कोरड्या झालेल्या आवरणाकडे सरकत राहतं आणि आवरण मऊ पडतं. बटाट्यातलं शिजून फुललेलं पिष्टही निवता निवता पुन्हा घट्ट होऊ लागतं, म्हणून गार वड्याचं सारण घशाशी अडकतं. मायक्रोवेव्हमध्ये तो गरम होतो, पण सुधारत नाही, कारण आतलं पाणी आणखी जोराने आवरणात ढकललं जातं. घरपोच आणलेल्या बंद डब्यातही हेच होतं: वड्याची वाफ झाकणावर धरते आणि त्याच्याच अंगावर उतरते. मोटरसायकल कितीही वेगाने पळवली तरी या क्रियेला थोपवता येत नाही. बटाटा आणि बेसन यांनी गिऱ्हाइकाभोवती आखलेलं हे वर्तुळ पाच-दहा मिनिटांच्या चालीपेक्षा मोठं होत नाही.

दुसरं कारण तेलाचं आहे, आणि ते मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. तापलेलं तेल तीन वाटांनी बिघडतं. पदार्थातल्या पाण्याने त्याचे रेणू फुटून आम्लता वाढते, हवेतल्या ऑक्सिजनने खवटपणा येतो, आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट, चिकट होतं. हे टाळता येत नाही, पण लांबवता येतं. ज्या कढईवर एकामागून एक घाणे निघत असतात तिथे प्रत्येक घाण्याबरोबर थोडं तेल बाहेर जातं आणि तेवढं ताजं तेल ओतावं लागतं. तेल आपसूक बदलत राहतं. ज्या कढईवर तासाला चार वडे निघतात तिथलं तेल मात्र तेच ते तापत आणि निवत बसतं. तापवणं-निववणं हे चक्र सलग तापत्या तेलाहून अधिक नुकसान करतं, कारण निवलेल्या तेलात हवा अधिक विरघळते आणि तिच्यामुळे तयार झालेली संयुगं पुढच्या तापवण्यात फुटतात. तेव्हा गर्दी ही चांगल्या वड्याची पावती तर आहेच, शिवाय ती चांगल्या वड्याचं कारणही आहे. रोज संध्याकाळी ठरावीक वेळेला येणारी शंभर माणसं त्या कढईतलं तेल ताजं ठेवत असतात. पर्यटनस्थळी किंवा महामार्गावर गिऱ्हाईक पुन्हा येणार नसतं, आणि कधी येईल त्याचाही भरवसा नसतो. वस्तीतल्या गाडीला दोन्हींची हमी असते. खरवईसारख्या ठिकाणी तर या वेळा घड्याळाने बांधून दिलेल्या आहेत: कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ, शाळा सुटण्याची वेळ, आणि मुंबईहून 68 किलोमीटरचा लोकल प्रवास करून माणसं उतरतात ती रात्रीची वेळ. रात्रीचा स्वयंपाक व्हायला अजून तास असतो आणि भूक मात्र लागलेली असते. त्या मधल्या तासावर ही गाडी उभी आहे.

हे केवळ आपल्याकडचं असतं तर त्याला सवय म्हणून सोडून देता आलं असतं. पण इंग्लंडमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानाची घडण अशीच झाली. पहिलं दुकान कोणाचं यावर तिथे अजून वाद आहे: लंडनमध्ये 1860च्या सुमाराचं जोसेफ मालिन यांचं, की लँकेशरमधल्या मॉस्ली गावात 1863च्या सुमारास सुरू झालेलं जॉन लीज यांचं. लँकेशर म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख, आणि मुंबईचा वडापावही गिरणगावाच्या छायेतच वाढला. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 साली वडा आणि पाव एकत्र आणला असं मानलं जातं. दोन्हीकडे पाळीत काम करणारी माणसं होती, घरी चूल पेटवायला वेळ नव्हता, आणि पगारात बसेल असं गरम काहीतरी हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जवळजवळ सगळ्या खाण्यावर रेशन लावलं, मासा आणि बटाटा मात्र त्याबाहेर ठेवला. आता एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो, तोही मांडायला हवा. 1920च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अशी सुमारे 35 हजार दुकानं होती, आज दहा हजारांच्या आसपास आहेत. मग टिकण्याचा दावा कसा करायचा? घट झाली याची मोठी कारणं कढईबाहेरची आहेत. तिथला मासा दूरच्या समुद्रातून येतो. आइसलँडशी कॉड माशावरून 1976 पर्यंत चाललेले झगडे ब्रिटन हरलं आणि मासा महागत गेला. शिवाय घरोघरी शीतकपाट आलं आणि शेजारी कबाबची, पिझ्झाची दुकानं आली. तरीही जी दहा हजार उरली त्यांतली बहुसंख्य एकेका कुटुंबाची, एकेका वस्तीची आहेत. मोठ्या साखळ्यांना हा धंदा गिळता आलेला नाही.

मग आपल्याकडे मासा का नाही? आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्यात तळलेला मासा घरोघरी आवडीने खाल्ला जातो, पण नाक्यावरच्या कढईत बहुतेकदा बटाटाच पडतो. माझ्या मते याचं उत्तर त्या एकाच कढईत आहे. तळणाच्या तेलात वास मुरतो. मासा तळलेल्या तेलातला वडा न खाणारी माणसं वस्तीत पुष्कळ असतात, आणि खाणारीही सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला, अख्ख्या श्रावणात पाठ फिरवतात. कढई सतत चालती राहण्यावर जिचं तेल अवलंबून आहे त्या गाडीला असे खंड परवडत नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांना चालेल तोच पदार्थ गल्लीत टिकतो. बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही पोर्तुगीजांच्या वाटेने आले आणि आज बहुतेकांच्या सोवळ्याओवळ्यात अडकत नाहीत.

ताजं तळलेलं वेळेत हाती देण्याच्या प्रश्नावर उल्हासनगरने वेगळं उत्तर काढलं, आणि तळणाच्या अभ्यासकाने ते मुद्दाम पाहावं असं आहे. फाळणीनंतर युद्धकाळातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांच्या स्वयंपाकात बटाट्याचा टुक आहे, दोनदा तळायची भजी आहेत. टुक करताना बटाट्याचे जाड काप मंद आचेवर तळून शिजवतात, काढून दाबून चपटे करतात आणि खायच्या वेळी कडक तेलात पुन्हा सोडतात. इंग्लंडमधले काही चिप्सवालेही दाबणं वगळता हेच करतात. पहिल्या तळणात आतला भाग शिजतो आणि वरचं पाणी कमी होतं, दुसऱ्या तळणात कवच बनतं. व्यवहारात याचा फायदा असा, की वेळखाऊ काम दुपारी उरकतं आणि संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटांत ताजं मिळतं. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकच युक्ती शोधली, कारण दोघांसमोरचा पेच एकच होता: शेवटचं तळण गिऱ्हाईक समोर आल्यावरच व्हायला हवं.

यावर साखळी दुकानांचं उदाहरण दिलं जातं, आणि ते आपल्या शेजारचंच आहे. जम्बोकिंगने 2001 साली मालाडला सुरुवात केली, गोली वडापावने 2004 साली कल्याणला. गोलीने तर वडा कारखान्यात यंत्रावर घडवून, गोठवून दुकानात पाठवण्याची रीत बसवली. चव सगळीकडे सारखी, हात न लावता काम, मोजूनमापून माल. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. परक्या स्थानकावर, अनोळखी माणसाकडून खायचं असेल तर ही खात्री मोलाची. पण त्यांनाही वडा शेवटी दुकानातच तळावा लागतो. कालवणं, घडवणं, गोठवणं सगळं दूर नेता आलं. कढई नेता आली नाही. आणि कढई दुकानातच राहणार असेल, तर ताज्या सारणाचा वडा त्याच नाक्यावर करणाऱ्याला हरवणं अवघड जातं. कल्याणचा खिडकी वडा ज्या घराच्या खिडकीतून विकला जाऊ लागला ती खिडकी स्वयंपाकघर आणि रस्ता यांच्यामधलं सगळं अंतर पुसून टाकते. स्वस्ताईचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. काही पैशांना मिळणारा वडापाव आज पंधरा-वीस रुपयांना झाला. 2022 साली युक्रेनचं युद्ध आणि इंडोनेशियाची पाम तेलावरची निर्यातबंदी यांमुळे तेलाचे भाव भडकले, तेव्हाही कढया चालूच राहिल्या. आणि आठवणींचं म्हणाल, तर नव्या खरवईत राहायला आलेल्यांची त्या नाक्याशी कसलीच जुनी ओळख नाही. तरी गर्दी होतेच.

सगळ्यात वजनदार आक्षेप आरोग्याचा आहे, आणि त्याला मी वळसा घालणार नाही. वडापाव हे रोजचं जेवण नव्हे, आणि जळकं तेल हे वाईटच. 1 जुलै 2018 पासून देशात नियम आहे, की तळणाच्या तेलात ते बिघडताना तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. पण वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याचं बंधन आहे ते दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल तळणाला लागणाऱ्यांवर. नाक्यावरची गाडी त्याच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे तिच्याकडे कोणी येत नाही आणि तिचं जुनं तेल कोणी नेतही नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला बंदी आहे, तरी छापील कागद अजून दिसतो, आणि त्यातली शाई गरम तेलात उतरते. हे दोष खरे आहेत. मात्र ते गाडी लहान असण्याचे दोष नाहीत, दुर्लक्षाचे आहेत. चांगली चालणारी लहान कढई तेलाच्या बाबतीत नैसर्गिकरीत्या अनुकूल असते हे वर आलंच. तिला उरलेला हात व्यवस्थेने द्यायचा आहे. फेरीवाल्यांसाठी 2014चा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आणि परवाना आहे. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर इथल्या पालिकांनी प्रत्येक गाडीला कायमची जागा आणि नळ द्यावा, तेल तपासायचं हातातलं यंत्र घेऊन महिन्यातून एकदा माणूस पाठवावा, आणि चार-पाच लिटरचंही जुनं तेल गोळा करून जैवइंधनासाठी द्यावं. यातलं एकही काम पालिकेच्या आवाक्याबाहेरचं नाही. वाचकाकडेही एक मागणं आहे. कढईतलं तेल काळपट आणि दाट दिसलं, वडे बाहेर काढल्यावरही बारीक फेस वर साचून राहिला, किंवा तेल तापताच डोळ्यांना झोंबणारा धूर आला, तर त्या दिवशी वडा घेऊ नका. आणि का घेतला नाही ते गाडीवाल्याला तिथेच सांगा.